बडोदा : एक राजवाडा, एक प्लेट सेव उसळ आणि एक बाग

लोणावळा झालं, अलिबाग झालं, माथेरानला तर दोनदा जाऊन आलो. आता पुढच्या वीकेण्डला काय? पाण्याची बाटली घ्या, बॅकपॅक उचला आणि बोरिवलीहून गुजरातकडे जाणारी सकाळची सुपरफास्ट पकडा. पाचेक तासांत तुम्ही एका राजधानीत असाल. राजधानी गुजरातमधली, पण राजे मराठी!

‘बडोद्यात काय आहे पाहण्यासारखं?’ असं नाक मुरडणाऱ्या मित्राला सोबत घ्याच. स्टेशनवरून रिक्षा थेट लक्ष्मी विलास पॅलेसला न्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या 12 वर्षांच्या एका मुलाला 1875 साली गायकवाडांनी दत्तक घेतलं. तोच पुढे महाराजा सयाजीराव तिसरा. त्याच्यासाठी बांधलेला हा महाल 1890 साली पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मॅण्टचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्याचाच. दरबार हॉलची मोझेक फरशी आणि रंगीत काचा पाहताना आपला वन रूम किचन आठवून उगाच हसू येतं.

त्याच आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. घाटकोपरकरांनी इथे जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. रविवर्म्याने देवादिकांची चित्रं घरोघरी पोचवणारा आपला छापखाना 1894 साली घाटकोपरलाच काढला होता. आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीचं बडोदा-घाटकोपर कनेक्शन हे असं!

आधी पोटोबा

दुपारी भूक लागली की हॉटेल शोधत बसू नका, सेव उसळची गाडी शोधा. उसळ आपली, सेव त्यांची. वाटाण्याची झणझणीत उसळ, वर कांदा, मूठभर सेव, हवी तेवढी तरी आणि सोबत पाव. मिसळीची ही गुजराती मावसबहीण पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढते. ‘गुजराती जेवण म्हणजे गोड’ हा समज तिथेच संपतो. मग उतारा म्हणून लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा. कुरकुरीत नाही, चक्क मऊ आणि आंबटगोड. बडोद्याची भाकरवडीही फेमस आहे. पुण्याची चांगली की बडोद्याची, हा वाद परतीच्या गाडीसाठी राखून ठेवा.

खिसा सांभाळा

शॉपिंगसाठी न्याय मंदिर ते मांडवी हा जुना भाग. न्याय मंदिर ही 1896 सालची देखणी इमारत. 2018 साली कोर्ट नव्या जागी गेलं, तोवर इथे खटले चालत. शेजारच्या मंगळ बाजारात चालायलाही जागा नसते. नवरात्र जवळ आली असेल तर आरशांची चणिया-चोळी इथे घ्यायलाच हवी. भाव सांगितला की चेहरा पाडायचा आणि दोन पावलं पुढे जायचं. अंधेरी स्टेशनबाहेर शिकलेली ही कला इथेही चालते. रावपुरा, दांडिया बाजार भागात अधूनमधून मराठी कानावर पडलं की बरं वाटतं.

आणि मग ती बाग

संध्याकाळी पाय दुखायला लागले की सयाजीबाग, म्हणजेच कमाटी बाग गाठा. 1879 सालची ही बाग स्टेशनपासून जवळ आहे. आत म्युझियम आहे, मुलांची धमाल आहे. पण इथे शांत बसायचं ते वेगळ्या कारणासाठी.

1913 साली बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. परतल्यावर संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. त्याप्रमाणे 1917 साली तो बडोद्यात रुजू झाला. नाव, भीमराव आंबेडकर. नोकरी होती, पदव्या होत्या, पण राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्याने पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्याला बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्याने याच बागेत काढले. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर 23 सप्टेंबरला तिथे लोक जमतात.

ज्या राजाने 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ज्याने या तरुणाला अमेरिकेला धाडलं, त्याच्याच राजधानीत एक खोली मिळाली नाही. दरबार हॉल बांधून होतो, शेजाऱ्याचं मन बांधून होत नाही.

हे काही फार जुनं नाही. माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी आपल्याच उपनगरांत भाड्याने घर शोधत होती. पगार चांगला, डिपॉझिट तयार. फोनवर सगळं ठरायचं आणि मग प्रश्न यायचा, ‘आडनाव काय म्हणालात?’ पाचव्या घरानंतर तिने मोजणं सोडलं.

बागेतून स्टेशनला आलो तेव्हा मुंबईच्या गाडीची अनाउन्समेण्ट चालू होती. आमच्या हातात भाकरवडीची पुडकी होती आणि बोरिवलीला उतरून कुठे जायचं ते ठरलेलं होतं.

जाण्याआधी

• राजवाडा आणि म्युझियम सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवारला जोडून रजा टाकू नका, शनिवारीच निघा.
• घाटकोपर-मुलुंडकरांनी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि तिथून लोकलने बोरिवली गाठावी.
• परतीचं तिकीट आधीच काढा. रविवारी रात्री सगळी मुंबई परत येत असते!