थीम पार्कची सहल : ताटाकडे लक्ष, मुलांवर नजर

परीक्षा संपल्या की मुलांची एकच मागणी असते, "यंदा थीम पार्कला न्या." आज चाळिशीत असलेल्या पालकांना १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आठवत असेल. बोटीने खाडी ओलांडून तिथे जाणे हीच निम्मी मजा असे. आता मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबांची पावले खोपोलीकडे वळतात. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले आणि पुढच्या वर्षी शेजारीच त्याचे वॉटर पार्कही आले. मराठवाड्यातली कुटुंबे हैदराबादचे रामोजी फिल्म सिटी किंवा वंडरला गाठतात.

तिकिटे, गाडी, नवे कपडे यांची तयारी आठवडाभर आधीपासून चालते. जेवायचे काय, कधी आणि त्या वेळी मुलांकडे कोण पाहणार, हे मात्र पार्कात पोहोचल्यावर ठरते. शाळेच्या सहली नेताना आम्हा शिक्षकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. मूल पाळण्यात बसलेले असते तेव्हा घरच्या सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. ते नजरेआड होते ते बहुधा खाण्याच्या काउंटरपाशी, जेव्हा एक जण पैसे देत असतो, दुसरा टेबल शोधत असतो आणि तिसऱ्याला वाटते की धाकटा त्या दोघांजवळच आहे. म्हणून जेवण आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय मानू नयेत, असे आम्हाला वाटते.

तिकीट काढण्याआधी विचारा

बहुतेक पार्कांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलांचे खाणे आणि औषधे यांना सहसा सवलत असते. मधुमेह असलेल्या दादी-नानांसाठी काही न्यायचे असेल, तर ते चालेल का हे फोन करून आधीच विचारावे. दारावर वाद घालून डबा परत गाडीत ठेवायला जाण्यात सकाळचा अर्धा तास जातो आणि मुलांचा मूडही.

दुसरा प्रश्न हलालचा. काउंटरवरच्या मुलाने "हो, हलालच आहे" म्हटले म्हणजे झाले, असे समजू नये. त्या बिचाऱ्याला बहुधा माहीत नसते. उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाला सरळ विचारावे : मांस कुणाकडून येते? प्रमाणपत्र पाहायला मिळेल का? तळणीचे तेल आणि तवा सगळ्या पदार्थांना एकच आहे का? काही पार्कांतल्या उपाहारगृहांत मद्यही मिळते, तेही विचारून घ्यावे. समाधान झाले नाही, तर शाकाहारी जेवण घ्यावे. डोसा, पावभाजी, डाळ-भात यावर एक दिवस छान निघतो. पाकीटबंद खाऊवर हिरवे चिन्ह असेल, तर त्यात मांस, मासे, अंडी यांचा अंश नसतो, हा नियम आहे. त्यामुळे जिलेटिनच्या गोळ्यांची शंका असलेल्या आयांना हे चिन्ह उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न नमाजच्या जागेचा. जागा आहे का, वुजूसाठी पाणी कुठे मिळेल, हे आधी कळले तर जोहर आणि जेवण यांची वेळ एकत्र बसवता येते. प्रवासातल्या नमाजचा मसला आपापल्या मसलकच्या आलिमांना घरून निघण्याआधीच विचारून ठेवावा.

डिकीतली बिर्याणी

आपल्या घरांत सहल म्हटली की देगची आलीच. पहाटे चारला दम दिलेली बिर्याणी डिकीत ठेवायची आणि दुपारी दोनला गाडीपाशी येऊन खायची, हा बेत अनेक घरांत ठरलेला असतो. मधल्या दहा तासांत त्या देगचीत काय घडते, ते समजून घ्यायला हवे. भातात काही जिवाणूंची बीजे शिजवल्यावरही टिकून राहतात. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. हे विष नंतर भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास आणि चव ठीक असते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मग परतीच्या वाटेवर घाटात मुलांना उलट्या सुरू होतात आणि आपण म्हणतो, "गाडी लागली."

शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तर तेवढाही वेळ धरू नये. बिर्याणी, खिम्याचे पॅटिस, उकडलेली अंडी, दह्याची कोशिंबीर हे सगळे त्या दिवशी घरीच राहू द्यावे. त्याऐवजी सकाळी निघण्यापूर्वी पोटभर नाश्ता करावा. कोकणातल्या घरांत घावन किंवा तांदळाची रोटी, इतरत्र पराठा-अंडे, जे रोजचे असेल ते. परतीच्या वाटेसाठी गाडीत खजूर, भाजलेले चणे, खाकरा, नानखटाई, केळी असे न बिघडणारे पदार्थ ठेवावेत. बिर्याणी रात्री घरी आल्यावर करावी किंवा दुसऱ्या दिवशी. ती कुठे पळून जात नाही.

केव्हा खावे, केव्हा बसावे

दुपारी एक ते अडीच या वेळेत सगळ्या उपाहारगृहांपुढे रांगा लागतात. भुकेले मूल रांगेत पाऊण तास उभे राहिले की ते रडते किंवा हात सोडून निघून जाते. बारा वाजताच जेवून घ्यावे. मग जोहर अदा करावी आणि त्यानंतर सावलीतले खेळ, सिनेमा किंवा बाहुल्यांचे खेळ पाहावेत. गरगर फिरणाऱ्या पाळण्यांकडे जेवणानंतर तासाभराने वळावे. अगदी रिकाम्या पोटीही त्यात बसवू नये. दोन बिस्किटे किंवा अर्धे केळे पोटात असले, की मळमळ कमी होते.

प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःची पाण्याची बाटली द्यावी आणि "तहान लागली का?" असे विचारत बसण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने दोन घोट प्यायला लावावे. खेळाच्या नादात मुले तहान विसरतात. चार-पाच तासांत मूल लघवीला गेलेच नाही, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. ओआरएसचे पाकीट सोबत असावे आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात ते विरघळवावे. गोड सरबत किंवा कोला ओआरएसची जागा घेत नाही. मुलाचे अंग तापले आणि ते बरळू लागले किंवा सुस्त पडले, तर त्याला सावलीत न्यावे, ओल्या कपड्याने अंग पुसत राहावे आणि लगेच प्रथमोपचार केंद्राला कळवावे.

दादाजींची इन्सुलिन गाडीत ठेवू नये, ती उष्णतेने निकामी होते. आणि झोपलेल्या मुलाला "दहाच मिनिटे" म्हणून बंद गाडीत कधीही सोडू नये.

धाकटा कुणाकडे?

सहलीत आम्ही शिक्षक मुलांच्या तुकड्या पाडतो आणि प्रत्येक तुकडी एका शिक्षकाच्या नावावर असते. "सगळे मिळून लक्ष ठेवू" असे आम्ही कधी म्हणत नाही, कारण सगळ्यांचे काम ते कुणाचेच नसते. घरातही तसेच करावे. अम्मीकडे एक, अब्बांकडे एक, खालाकडे एक. कुणाला स्वच्छतागृहात जायचे असेल, तर तोंडाने सांगावे : "धाकटा आता तुझ्याकडे." समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हात सोडू नये. जेवणाच्या वेळी एक मोठा माणूस फक्त मुलांजवळ बसेल. तो रांगेत जाणार नाही आणि फोनही पाहणार नाही.

सकाळी पार्कच्या दारातच प्रत्येक मुलाचा पूर्ण फोटो काढावा. मूल हरवल्यावर घाबरलेल्या आईला त्याच्या सदऱ्याचा रंग आठवत नाही. मुलाच्या दंडावर आतल्या बाजूला बॉलपेनने आपला फोन नंबर लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवावी. नाव मात्र बाहेर दिसेल असे कुठे लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

आपल्या घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. लहान मुलाला "अब्बांचे नाव काय?" विचारले, तर ते सांगते, "अब्बा." आईचे नाव "अम्मी." तीन वर्षांच्या मुलालाही दोघांची खरी नावे आणि गावाचे नाव पाठ करून घेता येते, रोज झोपताना एकदा विचारले की झाले. दुसरी गोष्ट बुरख्याची. सुट्टीच्या दिवशी पार्कात काळ्या बुरख्यातल्या कितीतरी भगिनी असतात आणि लहान मूल मागून भलत्याच खालाचे टोक धरून चालू लागते. आईने त्या दिवशी लाल किंवा पिवळी पिशवी खांद्याला लावावी आणि मुलाला ती दाखवून ठेवावी.

मुलाला हेही शिकवावे : हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब, मोठ्याने हाक मार, गणवेशातल्या कर्मचाऱ्याला किंवा मुले सोबत असलेल्या एखाद्या बाईला सांग, आणि काहीही झाले तरी दाराबाहेर जाऊ नकोस. मूल दिसेनासे झाले, तर आपण आधी अर्धा तास शोधून मग सांगू असे करू नये. लगेच कर्मचाऱ्यांना फोटो दाखवावा, म्हणजे त्यांना दारांवर निरोप देता येतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

ओढणी, ताईत आणि उंचीची पट्टी

पाळण्यात बसण्यापूर्वी ओढणी, सैल स्कार्फ, अबायाचे लांब घोळ यांचा बंदोबस्त करावा. फिरत्या चाकात कापडाचे टोक अडकले, की क्षणात गळ्याला फास बसतो. गो-कार्टमध्ये तर ही काळजी सर्वांत जास्त घ्यावी. टाचण्यांनी बांधलेल्या स्कार्फऐवजी डोक्यावर घट्ट बसणारा, टोपीसारखा हिजाब घालावा. मुलांच्या गळ्यातला ताईत, साखळी, ओळखपत्राची दोरी काढून पर्समध्ये ठेवावी. तोंडातली गोळी किंवा च्युइंगमही काढायला लावावी.

उंचीच्या पट्टीवर मूल दोन बोटे कमी भरले, तर टाचा उंच करायला सांगू नये. अडसराचा दांडा ठराविक उंचीच्या अंगासाठी घडवलेला असतो. बारीक अंगाचे मूल त्याखालून निसटू शकते. शिवाय तिकिटासाठी वय कमी सांगायचे आणि पाळण्यासाठी उंची जास्त, यातून मूल काय शिकते, हाही प्रश्न आहेच. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ एक मोठा पाळणा मोडून पडला आणि लोकांचे जीव गेले. म्हणून कर्मचारी प्रत्येक अडसर हाताने ओढून पाहतो का, हे आपणही पाहावे. तो पाहत नसेल, तर उतरावे. उरुसातल्या आणि जत्रेतल्या पाळण्यांना तर हा नियम दुपटीने लावावा.

वॉटर पार्कात सुती कपडे सहसा चालत नाहीत. ते भिजून जड होतात आणि घसरगुंडीवर अडकतात. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो का, हे बहिणींनी आधी विचारून घ्यावे. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, ते गुपचूप खाली जाते, आणि त्याला गुडघाभर पाणीही पुरते. काठावरच्या खुर्चीतून लक्ष ठेवणे पुरेसे नाही. लहान मुलासोबत मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर, पाण्यातच असावे.

घास अडकला तर

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे आणि कडक गोळ्या देऊ नयेत. पळताना किंवा रांगेत ढकलाढकली चालू असताना कुणालाच खाऊ देऊ नये. घास अडकून मूल खोकत असेल, तर खोकू द्यावे. त्याला खोकताही येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने सुटले नाही, तर मागून मिठी घालून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवावी आणि आत व वर असे पाच झटके द्यावेत. घास सुटेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्या कुणाला तरी मदत बोलवायला धाडावे. एक वर्षाखालील बाळाचे पोट दाबू नये. त्याला हातावर पालथे धरून पाठीवर पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. घास दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नये, तो आणखी खोल जातो.

आदल्या रात्री मुलांना भोवती बसवून हे सगळे एकदा बोलून घ्यावे. कोण कुणाकडे, जेवण किती वाजता, हरवलो तर काय करायचे. आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे पाण्याच्या बाटल्यांचे काम द्यावे, मोठ्या मुलीकडे फोटो काढण्याचे. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हे आपण मुलांना धड्यात शिकवतोच. त्या रात्री ते त्यांच्याकडूनच करून घेता येते. मग सफरची दुआ म्हणून सगळ्यांनी वेळेवर झोपावे, कारण अपुऱ्या झोपेने चिडलेले मूल दुसऱ्या दिवशी कुणाचेच ऐकत नाही.