क्लीव्हलँडचं पिवळं घर

अमेरिकेतल्या नाताळच्या सिनेमात पडतो तो बर्फ खराच, असं आपल्याकडे धरूनच चालतात. आमचा वार्ताहरही त्याच समजुतीने क्लीव्हलँडच्या त्या पिवळ्या घरापुढे उभा राहिला. ‘अ ख्रिसमस स्टोरी’ (१९८३) मधलं हे घर. चित्रीकरणाच्या वेळी बर्फाने दगा दिला, तेव्हा आग विझवायचा फेस पसरून अंगण पांढरं केलं गेलं. खांबाला चिकटलेली पोराची जीभही थंडीची करामत नव्हे, खांबात दडवलेल्या नळीने ती ओढून धरली होती. आतल्या खोल्या तर टोरांटोच्या स्टुडिओतल्या!

तरी घर टिकलं. २००४ मध्ये एका दिवेविक्याने ते ईबेवर दीड लाख डॉलरला घेतलं. दिवा कसला, तर सिनेमातल्या वडिलांना बक्षीस मिळालेला, जाळीदार मोज्यातला बाईचा पाय. पडद्यावरच्या खोल्या त्याने आत हुबेहूब बांधल्या आणि २००६ मध्ये संग्रहालय उघडलं. सिनेमात छोट्या नायकाचा धाकटा भाऊ लपतो त्या सिंकखालच्या कपाटात इथे कुणीही शिरावं. वार्ताहर शिरला, गुडघा अडकला. मागे रांगेत ताटकळलेल्या एका आजीबाईंनीच त्याला ओढून काढलं.

गुडघा चोळताना त्याला चेंबूर आठवलं. आर. के. स्टुडिओतले कपडे, दागिने २०१७ च्या आगीत गेले आणि पाठोपाठ जागाही विकली गेली. अशी तिकिटाची रांग आपल्याला का लावता आली नाही, म्हणून तो दिवसभर चिडचिडत होता.

मग त्याने त्या सिनेमाचा पुढचा एक भाग पाहिला, ‘अ ख्रिसमस स्टोरी ख्रिसमस’ (२०२२), आणि राग फिरला अमेरिकेवर. खरं घर क्लीव्हलँडला उभं असताना या मंडळींनी पूर्व युरोपात नवं उभारून तिथे चित्रीकरण केलं! बाकी जमलंय. पहिल्या सिनेमातला छोटा नायक पीटर बिलिंग्स्ली आणि त्याचे बालमित्र तेच, चाळिशी-पन्नाशीतले. वडील झालेले डॅरेन मॅकगॅव्हिन २००६ मध्ये गेले, म्हणून गोष्टच वडिलांच्या मृत्यूपासून सुरू होते.

हे दुखणं आपल्यालाही ठाऊक आहे. ‘झपाटलेला’चा (१९९३) दुसरा भाग २०१३ मध्ये आला तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते, गोष्ट मुलाकडे गेली. त्यातला बाहुला तात्या विंचू मात्र पुन्हा रामदास पाध्यांच्याच हातचा. बाहुल्याच्या बाबतीत आपण क्लीव्हलँडला हरलेलो नाही, हे वार्ताहराने मनाशी नोंदवलं.

समोरच्या दुकानातून त्याने पायाचा छोटा दिवा घेतला आणि आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला.

“आणतोयस तर आण,” आई म्हणाली, “पण खिडकीत लावायचा नाही. समोर जोशीकाकू राहतात.”

सिनेमातल्या आईचंही भांडण खिडकीवरूनच होतं.