कारखान्याला आधार, उसाला मर्यादा

साखर कारखान्याच्या आवारातली डिस्टिलरी बराच काळ मळीची विल्हेवाट लावणारी सोय म्हणूनच ओळखली जाई. आज देशाच्या इंधन धोरणाचा मोठा भार तिच्यावर आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग 2001 मध्ये मिरज, मनमाड आणि बरेलीत झाले, आणि 2003 पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. तरीही 2013-14 मध्ये देशातले प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. 2022 मध्ये ते दहा टक्क्यांवर आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. वीस टक्क्यांसाठी आधी 2030 ची मुदत होती. यंत्र जुनेच होते. बदलला तो हिशेब.

मळी पातळ करून यीस्टने आंबवायची, स्तंभांत तिचे ऊर्ध्वपातन करायचे, आणि 95 टक्क्यांच्या आसपास अडणारा अल्कोहोल मॉलिक्युलर सिव्हमधून नेऊन त्यातले उरलेसुरले पाणी काढायचे, ही प्रक्रिया कारखान्यांना सरावाची आहे. पूर्वी साखर पुरती काढून घेतल्यावर उरणारी सी हेवी मळीच तिच्या वाट्याला येई. 2018 नंतर साखर पुरती काढण्याआधीची बी हेवी मळी आणि उसाचा रस यांपासूनच्या इथेनॉलला स्वतंत्र, चढे दर मिळू लागले. त्यामुळे साखर किती काढायची आणि इंधन किती, हे ठरवण्याची मुभा कारखान्याला मिळाली. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दराची रक्कम, 14 दिवसांत द्यायची असते, साखर मात्र वर्षभर विकली जाते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. थकलेल्या ऊसबिलांनी शेतकऱ्याला किती पिडले आहे हे जाणणाऱ्याने या सोयीचे मोल कमी लेखू नये.

आक्षेपही तितकेच खरे आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज काहीसे घटते. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचीही काळजी घ्यावी लागते. हा तोटा मान्य करून पंपावर साध्या पेट्रोलचा पर्याय ठेवणे, किंवा मिश्रणाचा दर ऊर्जेच्या प्रमाणात ठेवणे, हाच ग्राहकाशी प्रामाणिक व्यवहार ठरेल. दुसरा आक्षेप अन्नाचा. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने उसाच्या रसावर निर्बंध घातले, तेव्हा मक्याची मागणी वाढली आणि कोंबडीखाद्य महागले. म्हणजे कच्चा माल बदलला की ताण नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या माथी जातो. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2860 लिटर पाणी लागते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात हा आकडा दुर्लक्षिता येत नाही.

यावर समर्थक म्हणतात की ऊस तर आधीच उभा आहे, इथेनॉल त्यातल्या जादा साखरेला वाट देते. हे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण त्यातच मर्यादाही आहे. जादा उसाची वाट म्हणून डिस्टिलरी योग्य आहे. आणखी ऊस लावण्याचे कारण म्हणून ती घातक आहे. म्हणून नव्या डिस्टिलरीला परवाना देताना तिची क्षमता लिटरमध्ये मोजण्याआधी तिच्या कार्यक्षेत्रातले पाणी मोजावे, आणि ठिबकवरच्या उसालाच प्राधान्य द्यावे. इतके केले तर वीस टक्क्यांचा आकडा शेतकऱ्याच्या हिताचा ठरेल. नाहीतर तेलाच्या आयातीवरचे परकीय चलन वाचवताना आपण भूजल विकलेले असेल.