चिवेंडा भाषेच्या अध्यापनाचे वार्षिक नियोजन

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने राजभाषा ठरविलेली चिवेंडा अतिरिक्त भाषा म्हणून शिकविताना नामवर्गांचा क्रम हाच अभ्यासक्रम मानण्याचा मोह होतो. तो टाळणे इष्ट. या बांटू भाषेत नामाचा वर्ग क्रियापदाचे रूप ठरवितो: ‘मुथु उ आ शुमा’ (माणूस काम करतो), परंतु ‘व्हाथु व्हा आ शुमा’ (माणसे काम करतात). ज्याच्या घरी ही भाषा नाही, त्याने केवळ नामे पाठ केल्यास वाक्य सिद्ध होत नाही. म्हणून चार सत्रांपैकी पहिल्यात मनुष्यवाचक वर्ग संभाषणातून रुजवावा; दुसऱ्यात ‘चिकोलो–झ्विकोलो’ (शाळा, एकवचन–अनेकवचन) ही जोडी आणावी; तिसऱ्यात वाचन-लेखनात दोहोंचे मिश्रण करावे; चौथे सत्र उजळणीस राखावे. वर्गांची संख्या नव्हे, तर रूपांची पुनरावृत्ती हेच नियोजनाचे माप होय.