श्रेष्ठ कोण : गावसकर की सचिन?

सातवीच्या वर्गात हा वाद काढून बघा, सरासरी आपोआप शिकवून होते. कसोटीत सचिनच्या धावा १५,९२१, गावसकरांच्या १०,१२२. मुलं लगेच सचिनला जिंकवतात. पण सामने किती? २०० आणि १२५! मग भागाकार आला. इथेच मुलं फसतात, कारण धावांना डावांनी नाही, फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागायचं. सचिन २९६ वेळा बाद, सरासरी ५३.७८, गावसकर १९८ वेळा, ५१.१२. तीन धावांचंही अंतर नाही! त्यात गावसकर सलामीला, समोर नवा चेंडू. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी पहिल्याच मालिकेत हेल्मेटशिवाय चार सामन्यांत ७७४ धावा काढल्या. ‘आवडता’ सांगायला पुरावा लागत नाही, ‘श्रेष्ठ’ म्हणायचं तर लागतो. एवढं ठरलं की भांडू द्या त्यांना, आपण मधे पडू नये. मला विचाराल तर गावसकर. वर्ग मात्र अजून सचिनचाच आहे.