ओझं किती, आणि ओझं कुठे?

आजचा विषय वाचून काही जणांनी आधीच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाचा आणि कॅम्पिंगच्या ट्रेलरचा संबंध काय? संबंध एवढाच, की आम्ही तो बांधला. खरं म्हणजे बांधला आमच्या मुलाने. आम्ही पाने हातात दिले, फळ्या धरल्या आणि एक चूक केली. आज मुख्यतः त्या चुकीबद्दल बोलायचं आहे, कारण असा ट्रेलर म्हणजे काय हे आम्हाला तिच्यामुळे कळलं.

मुलगा अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये राहतो. तिथे आणि शेजारच्या युटा राज्यात सरकारी मालकीची अफाट मोकळी जमीन आहे. त्यातल्या बऱ्याच भागात तंबू ठोकून राहता येतं, साधारणपणे एका ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत. पण तिथे नळ नाही, दिवा नाही, आणि रस्ता म्हणाल तर खडी, वाळू, मध्येच ओढ्याचं कोरडं पात्र. दोन लहान मुलं घेऊन जायचं तर पाणी, शिधा, शेगडी, अंथरूण सगळं बरोबर हवं. गाडीत मावत नाही, म्हणून मागे ट्रेलर.

विकत मिळतो, पण महाग पडतो. शिवाय घरी बांधण्याची तिकडे जुनी रीत आहे. 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकाने १९४७ साली थेंबाच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरचे नकाशेच छापले होते. खडकाळ वाटेवरच्या ट्रेलरचा पूर्वज मात्र सैन्यातला. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधी १९४० साली बॅंटम नावाच्या एका लहान कंपनीने जीपचा पहिला नमुना तयार केला. पुढे जीपची मोठी कंत्राटं मात्र विलीज आणि फोर्डकडे गेली. बॅंटमच्या वाट्याला काय आलं? जीपमागे जोडायचा पाव टनी ट्रेलर. तो इतका नेटका बांधलेला होता, की पाण्यावर तरंगतही असे. आजचे हौशी लोक बांधतात ते ट्रेलर त्याच कुळातले : लहान, बुटके, दोन चाकांचे.

आता बांधणी. खाली लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा. पुढे निघालेली दांडी, आणि दांडीच्या टोकाला गाडीशी जोडणारा कपलर. साध्या रस्त्यावर गोळ्यावर बसणारा कपलर चालतो, पण खडकाळ वाटेवर गाडी एकीकडे कलते आणि ट्रेलर दुसरीकडे, म्हणून तिन्ही दिशांना फिरणारा सांधा घ्यावा लागतो. मधल्या ॲक्सलखाली पाट्यांच्या स्प्रिंगा घेतल्या, कारण पाटा तुटला तर आडगावच्या गॅरेजातही बदलून मिळतो. चाकं गाडीच्याच मापाची, म्हणजे एक जादा चाक दोघांनाही चालतं. दांडीचं वेल्डिंग मुलाने स्वतः केलं नाही. परवानाधारक कारागिराकडून करून घेतलं. तो म्हणाला, "बाबा, पेटीचा जोड सुटला तर भांडी सांडतील. दांडीचा सुटला तर माणसं जातील." कुठे हौस पुरे आणि कुठे नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आम्हाला नव्हतं. सांगाड्यावर प्लायवूडची २७० सेंटीमीटर लांबीची पेटी बसली आणि पाण्याच्या टाकीचा प्रश्न आला. टाकी ७५ लिटरची. स्वयंपाकाचा ओटा पेटीच्या मागच्या दारात होता, म्हणून आमचं म्हणणं, टाकी मागेच ठेवा, सूनबाईंना सोयीचं पडेल. मुलगा कुरकुरला. आम्ही म्हटलं, "अरे, पाणी पुढे ठेवलं काय नि मागे ठेवलं काय, वजन तेवढंच ना?" युक्तिवाद बिनतोड वाटत होता. चाळीस वर्षं वर्गात जिंकायची सवय! मुलाने मान ठेवला आणि टाकी मागे बसली.

पहिली सहल युटातल्या सॅन राफेल स्वेलची. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा लागतो, सुमारे ११ हजार फुटांवर. बोगदा संपला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक तीव्र उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी तिथे कडेला वाळूखडीच्या चढाच्या वाटाच करून ठेवल्या आहेत. त्या उतारावर आमची गाडी एका ट्रकला मागे टाकत होती. ट्रकच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा, मग दर हेलकाव्याला जास्त. शेपटाने कुत्रं हलवावं तशी मागची वस्तू पुढच्या गाडीला हलवत होती. मागच्या सीटवर नात आणि नातू. नातीने विचारलं, "आबा, गाडी अशी का करतेय?" आमच्या तोंडून शब्द फुटला नाही.

मुलाने गाडीच्या ब्रेकला पाय लावला नाही. वेग वाढवून बघितलं नाही, स्टिअरिंगही झटकलं नाही. ते सरळ धरून ठेवलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि फक्त ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक हाताने दाबले. ट्रेलर मागून ओढला गेला आणि सरळ झाला. हे लक्षात ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाचा पाय आपोआप गाडीच्या ब्रेकवर जातो. तसं झालं, की पुढची गाडी थांबू बघते आणि मागचं ओझं तिला ढकलत आडवं येतं.

सिल्व्हरथॉर्नला गाडी थांबवून टाकी रिकामी केली. थोडं पाणी डब्यांत भरून डबे चाकांच्या जरा पुढे, पेटीच्या तळाशी ठेवले. सहल झाली. घरी आल्यावर बाथरूममधला वजनकाटा आणून, टाकी भरून, दांडीचं टोक लाकडी ठोकळ्यावरून त्याच्यावर टेकवलं. सामानासकट ट्रेलर होता ६४० किलोचा. साध्या ट्रेलरसाठी नियम असा, की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीच्या टोकावर हवा, म्हणजे ६४ ते ९६ किलो. आमचा काटा दाखवत होता ३६.

आता हे का झालं, ते बघू. लहान मुलांचा झोका-फळा आठवा. ॲक्सल म्हणजे मधला टेकू. ॲक्सलपासून कपलरपर्यंत आमचं अंतर २७० सेंटीमीटर. टाकी ॲक्सलच्या मागे ९० सेंटीमीटरवर, म्हणजे एक तृतीयांश अंतरावर. म्हणून ७५ किलो पाण्याने दांडीवरचा २५ किलो भार उचलून घेतला. तीच टाकी ॲक्सलच्या पुढे २७ सेंटीमीटरवर आणली, तेव्हा उचलणं तर थांबलंच, वर सात-साडेसात किलोची भर पडली. ३६ चे ६८ झाले. ट्रेलरमध्ये एक किलोही वाढला किंवा घटला नव्हता.

मग कुणी म्हणेल, टाकी मागेच राहू द्या आणि दांडीवर हत्यारांची जड पेटी ठेवा. काट्यावर आकडा बरोबर येईल. येईल खरा, पण ट्रेलरची दोन्ही टोकं जड झाली. दोन टोकांना गोळे असलेला व्यायामाचा डंबेल मनगटाने गोल फिरवून बघा. फिरायला लागला, की थांबवणं अवघड. तेच वजन मध्यावर असतं तर सहज थांबतो. तेव्हा प्रश्न दोन आहेत : दांडीवर पुरेसा भार आहे का, आणि जड वस्तू ॲक्सलच्या जवळ व खाली आहेत का? पाणी, बॅटरी, शिधा मध्ये आणि तळाशी. अंथरूण-पांघरूण टोकाला आणि वर.

आता आमच्या मनाला लागलेली गोष्ट. आमचं बालपण सातारा जिल्ह्यातलं. उसाची बैलगाडी भरली, की गाडीवान बैल जुंपण्याआधी जू हाताने उचलून बघायचा. फार हलकं लागलं तर म्हणायचा, "गाडी उलळंल," आणि दोन मोळ्या पुढे सरकवायचा. फार जड लागलं तर बैलांच्या मानेला त्रास, म्हणून एखादी मागे. त्या जुवाखाली आम्हीही हात घातलेला आहे. दहा टक्क्यांचा नियम त्या हाताला येत होता. 'दांडीवरचा भार' असं नवं नाव घेऊन तीच गोष्ट समोर आली, तेव्हा आम्ही तिला ओळखलं नाही.

गिल्बर्ट राइल या तत्त्ववेत्त्याने १९४९ सालच्या आपल्या पुस्तकात दोन प्रकारचं ज्ञान वेगळं केलं. आपल्या मराठीत तो भेद रोजच्या बोलण्यात आहे : 'माहीत असणं' आणि 'येणं'. पोहण्याबद्दल माहीत असतं, पोहायला येतं. आम्ही राइल कितीतरी वर्षं शिकवला. म्हणजे तो आम्हाला माहीत होता. यायला लागला तो सिल्व्हरथॉर्नच्या उतारानंतर.

इथल्या मंडळींसाठी एक सूचना. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. तेव्हा लोखंड विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीचं विचारा. ज्यांना परदेशात बांधायचा आहे, त्यांनी तिथल्या नोंदणीचे नियम बघावेत. आणि कुठेही बांधा, साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी त्यांच्या झोळीत पडते, जमिनीत रुतत नाही.

आता दर सहलीला निघण्याआधी नात वजनकाटा घेऊन येते. आकडा तीच वाचते, आणि ६४ च्या खाली असला तर आम्हाला सामान हलवायला लावते. टाकी कुठे असावी, याबद्दल आम्ही हल्ली मत देत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.