बुडण्यासाठी बांधलेला घाट

पंचगंगेचा घाट दरवर्षी पावसाळ्यात बुडतो. पायऱ्या जातात, मग दीपमाळा कमरेपर्यंत पाण्यात उभ्या राहतात, लहान देवळांची केवळ शिखरे दिसतात. आपल्यापैकी जे पन्हाळ्याकडून येतात ते शिवाजी पुलावरून हे दृश्य पाहतात, पाणी कुठवर आले याची चर्चा करतात आणि तासाला येऊन बसतात. पाणी ओसरले की गाळ धुऊन काढला जातो. घाट जागच्या जागी असतो.

आता याच नदीच्या पाण्याने शाहूपुरीत काय होते ते पाहा. भिंती फुगतात, गिलावा गळून पडतो, जुने मातीचे घर असेल तर ते बसतेच. नदी एक, पाणी एक. मग एका बांधकामाला पूर चालतो आणि दुसऱ्याला का चालत नाही? दगड मजबूत असतो हे अर्धेच उत्तर झाले. घाट पाण्याला अडवतच नाही. पाणी सगळ्या बाजूंनी एकदम चढते, म्हणून कोणत्याही एका दगडावर एकाच बाजूने रेटा येत नाही. शिवाय तेथे भिजून नासण्यासारखे काही ठेवलेलेच नसते. ज्यांनी तो बांधला त्यांनी पूर हा अपघात मानला नाही, पाहुणा मानला. हल्ली ‘शाश्वत वास्तुकला’ असा एक भारदस्त शब्द ऐकू येतो. त्याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा घाटावर अधिक कळला.

याच विचाराचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ, अगदी पाण्याच्या काठी दत्ताचे मंदिर आहे. त्याला शिखर नाही. पुराचे पाणी चढू लागले की ते उत्तरेकडून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. याला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक लांबून येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि नित्याची पूजा तेथे सुरू राहते. पेढ्यांची आणि कवठाच्या बर्फीची दुकानेही पाण्याच्या पुढे पुढे मागे सरकतात. म्हणजे केवळ इमारतच पुराशी जुळवून बांधली आहे असे नाही. देव कधी हलवायचा, दुकान कधी आवरायचे, याचीही एक सामुदायिक रीत ठरलेली आहे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कारण नुसते मजबूत बांधून भागत नाही, पाणी आल्यावर कोणी काय करायचे हे गावाला ठाऊक असावे लागते.

आपल्या भागातील जुनी घरेही अगदी अडाणी नव्हती. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यावर लाकडी खांब आणि खांबांवर तुळया, असा सांगाडा असे. छपराचा भार खांबांवर. मातीची भिंत केवळ मधली जागा भरणारी. पाण्यात भिंत ढासळली तरी छप्पर पुष्कळदा उभे राही आणि पाणी उतरल्यावर त्याच मातीची भिंत पुन्हा घालता येई. माळा होता तो केवळ शेंगा नि धान्य ठेवायला नव्हे.

शहराचेही तसेच होते. जुने कोल्हापूर उंचवट्यावर वसले आणि त्याच्या खोलगट जागी तळी होती. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली, पद्माळ्यावर बाग झाली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले. (स्टेडियम नको होते असे फुटबॉलवेड्या कोल्हापुरात म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.) पण खोलगट जागेला आपण नाव बदलले हे पावसाला कळत नाही. गांधी मैदानात दर पावसाळ्यात तळे साचते ते त्यामुळेच.

आता आमच्या शाहूपुरीकडे वळतो. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही व्यापारी पेठ. हिच्या कडेने जयंती नाला वाहतो, जो मूळची एक लहानशी नदीच आहे. पंचगंगा फुगली की नाल्याचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे रेटले जाते आणि कुंभार गल्लीत येते. म्हणून आमच्याकडे पूर समोरून येत नाही, मागच्या दाराने येतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. हे दोन्ही महिने गणपतीच्या कामाचे. आमच्या घरी मूर्ती होतात. वाळलेली मूर्ती पाण्यात गेली की तासाभरात तिची पुन्हा माती होते. वर्षाची कमाई डोळ्यांसमोर विरघळते. घरात पुस्तके प्रथम माझ्यामुळे आली आणि ती माळ्यावरच ठेवायची हे २०१९ नंतर ठरले.

“मग उठून दुसरीकडे जा,” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण प्रयाग चिखलीचे उदाहरण पाहावे. १९८९ च्या महापुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या. तरी अनेक कुटुंबे मूळ गावातच राहिली, कारण शेत, जनावरे, वैरण, भावकी सगळे तेथेच. घर हलवता येते, गावचा रोजचा दिवस हलवता येत नाही. आमच्या गल्लीचेही तेच आहे. ओली माती, वाळत घातलेला माल, एकमेकांच्या हाताला हात, हे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कसे जमणार?

हॉलंड देशाने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १९९५ साली तेथे नद्यांना पाणी आले तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. शतकानुशतके बांध उंच करीत आलेल्या त्या देशाने पुढे तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा मोकळी करून देण्याचे काम हाती घेतले. ओव्हरडीप नावाच्या सखल भागात तर शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा सुचवला: एका कडेला मातीचे उंच ढिगारे रचून त्यांवर घरे आणि गोठे बांधावेत, बाकी रानात पाणी येऊ द्यावे. काही कुटुंबे भाग सोडून गेली, उरलेली ढिगाऱ्यावर राहायला गेली. आपल्याकडे इतका पैसा नाही हे खरे. पण ज्याच्या दारात पाणी येते त्यालाच आधी विचारावे, याला कोठे पैसा लागतो?

म्हणून मी आमच्या गल्लीसाठी एक नकाशा वहीत काढला. खाली नुसते दगडी किंवा सिमेंटचे खांब, चारी बाजू मोकळ्या. वर राहण्याची खोली. तो आजीला दाखवला. ती म्हणाली, “वर ऱ्हायलो तर चिखल काय तू वर न्हेणार व्हय रं?” तिचे बरोबर होते, माती मळणे जमिनीवरच होते. तेव्हा नकाशा बदलला. मातीकाम खाली मोकळ्यात. वाळलेला माल वर. आणि वर न्यायला प्रत्येक घराला वेगळा जिना नको, चार घरांत मिळून एकच, पण तीन फुटी मूर्ती दोघांनी धरून सरळ चढता येईल इतका रुंद. त्या जिन्याची रुंदी मी दोरीने मोजली आहे. सव्वापाच फूट लागते. जागा कोणी सोडायची, एवढेच गल्लीत ठरायचे आहे.